हिरकणी, धाराऊ आणि कडी नसलेली खोली

१

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात ‘मराठी कवितेतील आई’ या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. आम्ही तिघी त्याला उपस्थित होतो. तिघीही मराठीच्या अध्यापिका, एकाच विभागात शिकवणाऱ्या. सकाळच्या सत्रात एक ज्येष्ठ समीक्षक वत्सलरसाला नवरसांच्या पंक्तीत स्थान द्यावे की नाही या जुन्या वादावर बोलत होते आणि सभागृह तल्लीन होऊन ऐकत होते. नेमक्या त्याच वेळी आमच्यातील सर्वांत धाकटी सहकारिणी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवण्याच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पंपाने दूध काढत बसली होती. घरी तिचे साडेतीन महिन्यांचे बाळ होते. खोलीला आतून कडी नव्हती. तिने दारामागे खुर्ची लावली होती, तरी पंधरा मिनिटांत दोनदा दार ढकलले गेले. दुसऱ्या वेळी आत डोकावलेले गृहस्थ ‘सॉरी मॅडम’ म्हणून मागे सरले. पण तोवर व्हायचे ते झाले होते. महिन्याभरापूर्वी तिला एका वेळी ऐंशी-नव्वद मिली. दूध मिळे, मग ते पन्नासवर आले होते, त्या दिवशी बाटलीत जेमतेम वीस जमले. ती सभागृहात परतली तेव्हा वत्सलरसावरील व्याख्यानाला टाळ्या पडत होत्या.

हा प्रसंग आम्ही कोणा एका संस्थेची बदनामी करण्यासाठी सांगत नाही. अशा खोल्या सर्वत्र आहेत. आमच्या स्वतःच्या महाविद्यालयातही होती. आमचा रोख त्या सभागृहाकडे आहे, आणि सभागृहात बसलेल्या आमच्याकडेही आहे. साहित्यविषयक लेखनाच्या या जागेवर ‘दूध कमी येणे’ या विषयाचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की, मराठी वाङ्मयाने आणि वाङ्मयाच्या अध्यापनाने या विषयाची जी समजूत घडवली, तीच त्या खोलीला कडी नसण्याच्या मुळाशी आहे. आईचे दूध हे मायेचे मोजमाप आहे, माया असली की ते आपोआप येते, आणि आले नाही तर उणीव आईत असते, ही ती समजूत होय. ती शरीरशास्त्राच्या कसोटीवर चुकीची आहे, वाङ्मयाच्या वाचनाच्या कसोटीवरही चुकीची आहे, आणि परिणामांच्या दृष्टीने निर्दय आहे. हे तिन्ही मुद्दे क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न.

२

हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत वाचली, नंतर शिकवली. २०१९ साली तिच्यावर चित्रपटही आला. रायगडाखालच्या वाडीतील गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर जाते, तिला उशीर होतो, सूर्यास्तानंतर दरवाजे बंद होतात. घरी तान्हे बाळ भुकेले. पहारेकरी दार उघडत नाहीत. ती कडा उतरून जाते. दुसऱ्या दिवशी महाराज तिचा साडीचोळी देऊन सन्मान करतात आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधतात. तोच हिरकणी बुरूज.

या कथेवर आपण विद्यार्थ्यांना कोणता प्रश्न विचारतो? ‘हिरकणीच्या धाडसातून मातृप्रेमाचे कोणते दर्शन घडते?’ वर्षानुवर्षे हाच. गडाच्या सुरक्षिततेसाठी दरवाजे बंद ठेवणे योग्यच होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती कथेचा अर्धाच भाग वाचण्याच्या आपल्या सवयीबद्दल. ज्या वाटेने ती आई उतरली, ती वाट बुरूज बांधल्यामुळे बंद झाली. म्हणजे पुढच्या कोजागिरीला एखादी दुसरी गवळण गडावर अडकली असती, तर तिला दरवाजाही मिळाला नसता आणि कडाही नाही. सन्मान झाला, आणि त्याच दगडमातीत वाट बुजली. गडाच्या बाबतीत हे अटळ होते असे मानू. पण महाविद्यालय हा गड नव्हे, कार्यालय हा गड नव्हे. तिथे आपण हिरकणीचा बुरूज का बांधत बसलो आहोत?

महाराष्ट्रात बसस्थानकांतून आणि शासकीय कार्यालयांतून स्तनपानासाठी ज्या खोल्या केल्या गेल्या, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव मिळाले. कल्पना चांगली, हेतूही चांगला. पण या नावात एक विसंगती आहे, आणि भाषेच्या अध्यापकांनी ती दाखवायला हवी होती. जिला दरवाजा उघडून मिळाला नाही, तिचे नाव आपण दरवाजाला दिले. आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येण्याच्या आधल्या आठवड्यात एका खोलीवर ‘हिरकणी कक्ष’ अशी सुबक पाटी लागली. समिती गेली. पाटी राहिली. किल्ली मात्र कोणाकडे आहे हे शेवटपर्यंत कळले नाही.

३

आता शरीराकडे वळू. पण वाट भाषेतूनच जाते.

बाळाला जवळ घेतल्यावर, त्याचा आवाज ऐकल्यावर, कधी नुसत्या आठवणीनेही दूध उतरू लागते. या क्रियेला आधुनिक वैद्यकाने दीर्घ पारिभाषिक नावे दिली. मराठीत तिच्यासाठी ‘पान्हा’ हा एकच शब्द शतकानुशतके आहे. दूध तयार होणे ही एक क्रिया आणि पान्हा फुटणे ही दुसरी. पहिली प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाच्या आधाराने चालते, दुसरी ऑक्सिटोसिनच्या. ऑक्सिटोसिनमुळे दुग्धग्रंथींभोवतीच्या सूक्ष्म पेशी आकुंचन पावतात आणि साठलेले दूध बाहेर ढकलले जाते. भीती, वेदना, संकोच, घाई यांनी हा दुसरा व्यवहार अडतो. दूध असते, पण उतरत नाही. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. परका हात लागला, कुत्रे भुंकले, वासरू समोर नसले, की गाय ‘पान्हा चोरते’. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची रीत याच जाणिवेतून आली. गाईने दूध उतरवावे म्हणून गोठ्यात शांतता राखणारा समाज बाईच्या बाबतीत मात्र ‘मनावर घे म्हणजे येईल’ असे सांगतो, हे आश्चर्य आहे.

पहिली क्रिया त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याविषयीचे अज्ञान अधिक खोल. प्रसूतीनंतर वार पडली की संप्रेरकांचा तोल बदलतो. आधी थोडासा चीक येतो. नवजात बाळाचे पोटच एवढेसे असते की त्याला काही चमचे पुरतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येते. इथवर सूत्रे मुख्यतः संप्रेरकांच्या हाती. त्यानंतर हळूहळू कारभार मागणीकडे जातो. स्तन जितका रिकामा होतो तितकी निर्मिती वेगाने होते; तो भरलेला राहिला की निर्मिती मंदावते. दूध तुंबवून साठा वाढत नाही, आटतो. ‘जरा वेळ जाऊ दे, भरू दे, मग काढ’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच उलटा आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध निघत राहिले पाहिजे, हा तान्ह्या बाळाच्या आईसाठीचा सर्वमान्य दंडक. रात्री प्रोलॅक्टिनची पातळी अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे विशेष मोलाचे.

दूध कमी आहे की नाही हे ओळखायचे कसे? बाळ रडते, संध्याकाळी सारखे पिऊ मागते, स्तन पूर्वीसारखे ताठरत नाहीत, पंपात थोडेच जमते, यांपैकी एकही गोष्ट पुरावा ठरत नाही. निरोगी बाळ पंपापेक्षा चांगले ओढते. पुरावा बाळाच्या अंगावर असतो: जन्मानंतर घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते का, पुढे वाढते का, आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सरासरी साडेसातशे-आठशे मिली. दूध लागते आणि या काळात ही गरज फारशी वाढत नाही. मूल मोठे झाले म्हणून दूध अपुरे पडू लागले असे गृहीत धरण्याला त्यामुळेच आधार नाही. स्तनपान सोडणाऱ्या स्त्रिया जगभर जे कारण सर्वाधिक सांगतात ते ‘दूध पुरत नव्हते’ हे होय. आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत दूध मुळात कमी नव्हते, ते कमी आहे असे त्यांना वाटायला लावले गेले होते.

४

आमच्या सहकारिणीचे दूध मात्र खरोखर कमी होत चालले होते. का, ते पाहू.

ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तास नाही तर मानधन नाही. बाळंतपणाची रजा हा शब्द तिच्या नेमणूकपत्रात नव्हता. बाळ नऊ आठवड्यांचे असताना ती रुजू झाली. सकाळी साडेनऊला घर सोडायचे, साडेचारला परतायचे. मधल्या सात तासांत एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, स्वच्छतागृहात उभ्याने दहा मिनिटे पंप. पंपाचे नरसाळे तिच्या मापापेक्षा मोठे होते, त्यामुळे दुखे, आणि दुखल्यामुळे पान्हा अडे. घरी आजी बाळ रडले की दीडशे मिली.ची बाटली लावत. साठवलेले दूध दुपारपर्यंत संपे, मग डबा उघडला जाई. बाटलीची धार सहज येते. त्यामुळे बाळ संध्याकाळी अंगावर पिताना चिडू लागले. वरच्या दुधाच्या प्रत्येक बाटलीमागे अंगावरची एक मागणी घटत होती, आणि मागणी घटली की पुरवठा घटत होता. महिन्याभरात घरात निकाल लागला: ‘हिचं दूध आटलं.’ शेजारणींनी पुस्ती जोडली: ‘नोकरीचं टेन्शन घेते ना.’ म्हणजे दोष पुन्हा तिचाच.

चर्चासत्राच्या त्या दिवसानंतर ती एका स्तनपान सल्लागार परिचारिकेकडे गेली. त्या बाईंनी मायेविषयी एक शब्द काढला नाही. त्यांनी वहीत तिचा दिवस तासातासाने लिहून घेतला आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमचं दूध ठीक आहे. तुमचं टाइमटेबल आजारी आहे.’

पुढे जे केले ते सांगण्यात वाङ्मयीन असे काही नाही, पण ते सांगितलेच पाहिजे. आम्ही दोघींनी तिच्याशी तास अदलाबदल केले, जेणेकरून तिला दर तीन तासांनी वीस मिनिटे मिळतील. विभागाच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यातील खोलीला आम्हीच कडी बसवून घेतली. सुताराचे पैसे धरूनही तो खर्च एका चर्चासत्राच्या पुष्पगुच्छांपेक्षा कमी होता. नरसाळे मापाचे आणले. दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा पंप एका माजी विद्यार्थिनीने दिला. नळ्या व नरसाळी मात्र नवीन घेतली. पंपाआधी व पंप चालू असताना हाताने हलके चोळायचे आणि शेवटी काही मिनिटे हातानेच दूध काढायचे, कारण यंत्राला न सापडणारे दूध हाताला सापडते. बाळाचे दुपटे पिशवीत ठेवायचे, त्याचा वास घ्यायचा. पान्हा फुटायला त्याने खरोखर मदत होते. काही संध्याकाळी तासाभरात थांबत थांबत पंप: वीस मिनिटे चालू, दहा बंद, दहा चालू, दहा बंद, दहा चालू. या शेवटच्या उपायाला शास्त्रीय पुरावा तुटपुंजा आहे, पण त्यामागचा तर्क तोच, वारंवार मागणीचा. घरी आजींना सांगितले की बाटली साठ-नव्वद मिली.ची, बाळाला टेकवून, थांबत थांबत द्यायची, आणि रडण्याचे प्रत्येक कारण भूक नसते. रात्री आणि रविवारी बाटली पूर्ण बंद. बाळ आणि आई अंथरुणात, त्वचेला त्वचा लागून, हवे तेव्हा पाजणे.

दुसऱ्या आठवड्यात पन्नासचे सत्तर झाले. महिना संपता संपता पुन्हा नव्वद. डबा कपाटात मागे गेला. या काळात त्या बाईंची माया वाढली नव्हती. ती आधीही तेवढीच होती. बदलले होते ते वेळापत्रक, नरसाळे आणि दार.

५

लाडवांविषयी दोन शब्द, नाहीतर घरोघरच्या ज्येष्ठ स्त्रिया आम्हाला क्षमा करणार नाहीत. अळीव, डिंक, मेथी, खसखशीची खीर, शतावरीचे कल्प, बाळंतशोपा: ही आपल्या घरांतील शहाणी, चविष्ट आणि पौष्टिक परंपरा आहे. बाळंतिणीला भूक लागते, तिला कोणी करून घातले पाहिजे; ही व्यवस्था त्या परंपरेने टिकवली याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण यांतील कोणत्याही पदार्थाने दूध वाढते याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. तहान नसताना तांब्याच्या तांब्या पाणी रिचवल्यानेही ते वाढत नाही. दूध वाढवण्यासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचा हृदयावर दुष्परिणाम संभवतो, त्यामुळे डॉक्टरांखेरीज कोणाच्या सांगण्यावरून त्या घेऊ नयेत. रिकाम्या न होणाऱ्या स्तनावर लाडवाचा इलाज म्हणजे पाट बंद ठेवून विहिरीची पूजा करणे. आम्हाला खटकतो तो लाडू नव्हे, लाडवामागून येणारे वाक्य: ‘एवढं करून घातलं, तरी हिला दूध नाही.’

आमच्यापैकी दुसरीची कथा वेगळी आहे. तिने वरचे सर्व केले. वेळापत्रक, पंप, रात्रीचे पाजणे, सगळे. दूध पुरेसे आले नाही ते नाहीच. प्रसूतीच्या वेळी तिला अतिरक्तस्राव झाला होता आणि पुढे थायरॉईडचा दोषही निघाला. काही स्त्रियांत दुग्धग्रंथींची वाढच अपुरी असते, काहींची स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असते, कधी बाळाच्या जिभेचा बंध आखूड असल्याने त्याला ओढता येत नाही. अशा आया थोड्या असतात, पण असतात, आणि त्यांना सल्ल्यांची नव्हे, तपासणीची गरज असते. आमच्या मैत्रिणीने जेवढे आले तेवढे पाजले, उरलेले वरचे दिले. तिची मुलगी आज उत्तम आहे. परंतु बारशाच्या दिवशी एका प्राध्यापक आप्तांनी सर्वांदेखत विचारलेला ‘वरचं का देता?’ हा प्रश्न ती अजून विसरलेली नाही. त्या आप्तांचा अभ्यासविषय स्त्रीगीते हा आहे. असो.

अशा वेळी आम्हाला हिरकणीऐवजी दुसरी एक स्त्री आठवते. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी होत्या, त्यांना दूध पुरेसे येईना. तेव्हा जवळच्या कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून नेमले गेले. इतिहास सईबाईंना यासाठी बोल लावत नाही. दूध कमी पडले ही घटना घडली आणि तिच्यावर व्यवस्था शोधली गेली, इतकेच. रायगडाच्या आख्यायिकेत आईला बाळापर्यंत कडा उतरून जावे लागते. पुरंदराच्या इतिहासात दूध बाळापर्यंत गड चढून येते. आपण पहिल्या कथेवर धडे लिहिले, दुसरी तळटीपेत ठेवली.

धाराऊंचा आदर राखूनही एक प्रश्न इथे विचारावा लागतो: दूधआईच्या स्वतःच्या लेकरांच्या वाट्याचे काय? महाश्वेता देवींच्या ‘स्तनदायिनी’ या बंगाली कथेतील यशोदा श्रीमंत घरातील मुलांना दूध पाजून आपला संसार चालवते आणि अखेर स्तनाच्या कर्करोगाने एकाकी मरते. ज्या दुधाचा गौरव झाला, ते देणाऱ्या देहाची काळजी कोणी केली नाही, हे त्या कथेचे मर्म. आधुनिक काळात या प्रश्नाला अधिक न्याय्य उत्तर शोधण्याचा प्रयत्न मुंबईतच झाला. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली; आशियातील ती पहिली मानली जाते. स्वतःच्या बाळाला पुरून उरलेले दूध आया तिथे देतात आणि ते निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना दिले जाते. मराठीत आईवर किती कविता आहेत हे आम्ही सांगू शकतो. या पेढीवर एखादी आमच्या पाहण्यात नाही.

६

आता मूळ वाङ्मयीन मुद्दा. ‘आईचे दूध आपोआप येते’ ही कल्पना आपल्या मनात आली कुठून? आमच्या मते, संतकाव्याच्या चुकीच्या वाचनातून.

वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, गुरूला माउली म्हटले. गाय आणि वासरू, पक्षिणी आणि पिले, कासवी आणि तिची पिले या प्रतिमा त्यांच्या अभंगांतून पुन्हा पुन्हा येतात. कासवीचे उदाहरण तर अपूर्व आहे: तिला पान्हाच नाही, ती पिलांना केवळ नजरेने पोसते अशी ती कल्पना. या सर्व रचनांत उपमेय आहे ईश्वरी कृपा आणि उपमान आहे आई. कृपा न मागता मिळते, तिला वेळ लागत नाही, ती कधी आटत नाही, हे सांगण्यासाठी आईचा दाखला घेतला गेला. उपमानाचा एखादाच धर्म उपमेयाला लागू होतो आणि तो कवी निवडतो, हे आपण अलंकारशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतो. पण पुढे आपणच ही उपमा उलटी फिरवली. संतांनी देवाला आई म्हटले; आपण आईला देव म्हटले. आणि देव ज्याप्रमाणे खोली, वेळ, कडी मागत नाही, त्याप्रमाणे आईनेही काही मागू नये अशी अपेक्षा बाळगली. संतांचे निरीक्षण मात्र आपल्यापेक्षा तंतोतंत होते. त्यांच्या प्रतिमांत गाय एकटी क्वचितच येते; तिला वासराची ओढ असते, ती रानातून त्याच्याकडे धावते. धेनू आणि वत्स यांची ताटातूट हेच तिथे दुःखाचे रूप आहे. ज्या समाजाने हे काव्य मुखोद्गत केले, त्याला सात तासांच्या ताटातुटीनंतर दूध का घटले हे समजावून सांगावे लागू नये.

मातृत्वाचा दुसराही एक मराठी वारसा आहे, आणि तो आपण वाङ्मयाच्या वर्गात आणत नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्रहिताची बाब आहे आणि तिचा भार एकट्या आईवर पडू नये, अशी ती भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात दोन स्तनपान-विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर व तिथे दिवसाला चार फेऱ्यांची सोय सांगितली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या. त्या भाषेत रस नाही, अलंकार नाही. पण ‘विराम’ हा शब्द आहे, आणि पान्ह्याला नेमका तोच लागतो. आईवरील सगळ्या कविता एका पारड्यात आणि हा एक शब्द दुसऱ्या पारड्यात टाकला, तर साडेतीन महिन्यांचे बाळ कोणते पारडे निवडेल याविषयी आम्हाला शंका नाही. मात्र तासिका तत्त्वावरील आमच्या सहकारिणीपर्यंत तोही शब्द पोहोचला नाही. तिचा विराम आम्ही दोघींनी आमच्या तासांतून कापून दिला. हे मैत्रीचे उदाहरण म्हणून सांगण्यासारखे आहे, व्यवस्थेचे म्हणून नाही.

७

संभाव्य आक्षेपांचा विचार करू. पहिला: ‘काव्याला शरीरशास्त्राच्या तराजूत तोलू नका.’ आम्ही काव्याला तोलत नाही. आईवरची कविता थांबावी असेही आमचे म्हणणे नाही. आम्ही त्या वाचनपद्धतीला तोलत आहोत, जी प्रतिमेला वस्तुस्थिती मानते आणि मग वस्तुस्थिती प्रतिमेपेक्षा उणी निघाली की बाईला दोष देते. दुसरा: ‘तुम्ही स्तनपानाचा आग्रह धरून नोकरदार स्त्रियांवर नवे ओझे टाकता.’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान सुचवते, हे खरे. पण जिला नको आहे वा जमत नाही, तिच्यावर सक्ती करण्याचा अधिकार आम्हाला नाही, तसा तो कोणालाच नाही. आमचा आग्रह एवढाच की जिला हवे आहे, तिचे दूध आपल्या वेळापत्रकाने आटू नये. आणि आटले तर त्याचे नाव ‘मायेची उणीव’ असे ठेवले जाऊ नये. तिसरा आक्षेप कुजबुजीच्या स्वरूपात येतो: ‘या गोष्टी अशा उघड लिहाव्यात का?’ ज्या भाषेत पान्ह्यावर एवढे काव्य उघड लिहिले गेले, तिच्यात पंपावर एक निबंध लिहिल्याने मर्यादाभंग होत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंकडे आणि भगिनींकडे आमची मागणी लहान आहे. पुढच्या वर्षी हिरकणी शिकवाल तेव्हा नेहमीच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न घाला: ‘दरवाजा उघडण्यासाठी कोणती व्यवस्था करता आली असती?’ विद्यार्थी उत्तम उत्तरे देतात, आम्ही करून पाहिले आहे. एका मुलीने लिहिले, सूर्यास्तापूर्वी पहारेकऱ्यांनी बाजारात दवंडी पिटावी की तान्ही मुले असलेल्या बायांनी आधी खाली उतरावे. एका मुलाने लिहिले, बाळाला गडावर आणायची सोय असावी. पाळणाघराची कल्पना त्याने कायदा न वाचता मांडली. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

आणि दुसरी मागणी: आपल्या महाविद्यालयात एक खोली पाहा. तिला आतून कडी आहे का, बसायला खुर्ची आहे का, हात धुवायला पाणी आहे का, वीज आहे का, आणि किल्ली कोणाकडे आहे. पाटीवर नाव कोणाचे आहे हे सर्वांत शेवटी पाहिले तरी चालेल.

(अवांतर: विभागाच्या ग्रंथालयातील ती खोली आजही वापरात आहे. आमच्यानंतर रुजू झालेल्या दोन अध्यापिकांनी आणि एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने ती वापरली. दारावर पाटी नाही. कडी मात्र चांगली बसते. मतभेदांचे स्वागत आहे. चूभूद्याघ्या.)